बाहियाची गाय

आमच्या इमारतीत पाण्याचा टँकर आला की साऱ्या बायका जिन्यात भेटतात. सुखदुःखाच्या गोष्टी तिथेच होतात. गेल्या वर्षी अशाच एका सकाळी माझा नऊ वर्षांचा भाऊ भरलेली कळशी उचलून वर निघाला होता. शेजारच्या काकूंनी त्याला मागून हाक मारली. एकदा, दोनदा. मग त्यांच्या लक्षात आले आणि त्या ओशाळून आईला म्हणाल्या, "काय करणार वहिनी, मागच्या जन्मीचं असतं हो काहीतरी! पोराचा काय दोष?"

काकू मनाने प्रेमळ. आजारपणात पहिला वरणभात त्यांच्याकडून येतो. बोलण्यामागे हेतू सांत्वनाचाच होता. आई कसनुशी हसली आणि हंडा घेऊन वर आली. भावाला दीड वर्षाचा असताना मेंदूज्वर झाला होता. तो वाचला, पण त्याचे ऐकणे गेले.

संध्याकाळी बाबांच्या कानावर ही गोष्ट गेली. ते एवढेच म्हणाले, "आपण बौद्ध. आपल्यात पुनर्जन्म मानत नाहीत. सांगायचं होतंस तसं." आणि त्यांनी वर्तमानपत्र पुन्हा उघडले. आई भाकरी थापत होती. थोड्या वेळाने तिने मला हळूच विचारले, "तू कॉलेजात जातेस म्हणून विचारते. पुनर्जन्म नाही, हे बुद्धांनी सांगितलंय की आपणच म्हणतो?"

"पाहून सांगते," मी म्हणाले. परीक्षेसाठी कधी केला नाही एवढा अभ्यास त्या एका प्रश्नाने माझ्याकडून करून घेतला.

आम्ही राहतो ते नालासोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक. पाली ग्रंथांत त्याला 'सुप्पारक' म्हणतात. रोज लोकलच्या गर्दीत लोंबकळणाऱ्या आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असते की एके काळी इथे परदेशी जहाजे लागत? सोपारा गावातील बुरुड राजाच्या कोटाचे उत्खनन पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ साली केले आणि त्या टेकाडाच्या पोटात स्तूप निघाला. दगडी पेटीत तांब्याचा करंडक, त्याच्या आत एकात एक बसवलेले करंडक, शेवटी सोन्याचा, आणि त्यात मातीच्या भिक्षापात्राचे तेरा तुकडे! सभोवती काशाच्या आठ मूर्ती होत्या. गौतमासह सात बुद्ध आणि आठवा पुढे येणारा मैत्रेय. त्याच वर्षी अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही सोपाऱ्यात मिळाला. नवव्याचा तुकडा भुईगावला सापडला तो १९५६ साली, म्हणजे नागपूरला धम्मदीक्षा झाली त्याच वर्षी.

मूर्ती मैत्रेयासह घडवणाऱ्यांना मागचे आणि पुढचे युग मान्य होते, हे उघड आहे. पण या मूर्ती आठव्या-नवव्या शतकाच्या सुमारासच्या. बुद्धांनंतर हजार वर्षांहून अधिक काळ उलटल्यावर घडवलेल्या. आईचा प्रश्न त्याच्याही मागचा होता.

आता 'मूळ' म्हणजे काय, हाच पहिला पेच. त्रिपिटक कित्येक पिढ्या मुखोद्गत राहिले आणि इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात श्रीलंकेत लिहून काढले गेले. बुद्धांचा प्रत्येक शब्द जसाच्या तसा आपल्यापर्यंत आला, असे छातीठोकपणे कोणी म्हणू नये. तरी जुनी सुत्ते कोणती आणि त्यांवर नंतर रचलेल्या अट्ठकथा, म्हणजे भाष्ये, कोणती हा फरक करता येतो. मला तेवढा धागा पुरेसा वाटला. आणि गंमत अशी की तो धागा मला थेट आमच्या गावात घेऊन आला.

'उदान' नावाच्या जुन्या ग्रंथात बाहिय दारुचीरियाची कथा आहे. बाहिय सुप्पारकला समुद्रकाठी राहत असे. वल्कले नेसणारा, लोकांनी मानलेला साधू. त्याला वाटू लागले, आपण अर्हत झालो की काय! तेव्हा पूर्वी त्याची नातेवाईक असलेल्या एका देवतेने त्याला सांगितले की, तू अर्हत नाहीस आणि त्या वाटेवरही नाहीस. खरा अर्हत श्रावस्तीला आहे. बाहिय त्याच पावली निघाला. वाटेत एका ठिकाणी एका रात्रीहून जास्त थांबला नाही. श्रावस्तीत बुद्ध भिक्षेला निघाले होते. त्याने भररस्त्यात उपदेश मागितला. ही वेळ नव्हे, असे बुद्ध दोनदा म्हणाले. बाहिय म्हणाला, आयुष्याचा भरवसा कोणी द्यावा? तिसऱ्यांदा बुद्धांनी त्याला मोजक्या शब्दांत सांगितले की, पाहताना केवळ पाहणेच असू दे, ऐकताना केवळ ऐकणेच. मग तू इथेही नसशील, तिथेही नसशील आणि दोहोंच्या मध्येही नसशील. हाच दुःखाचा अंत. बाहियाचे मन तिथेच मुक्त झाले. थोड्याच वेळात वासरू बरोबर असलेल्या एका गाईने त्याला शिंगावर घेतले आणि तो मेला.

मी आनंदाने वही उघडली. आमच्या गावच्या माणसाला दिलेल्या उपदेशात मागच्या जन्माचा उल्लेखही नाही! पण पुन्हा वाचले तेव्हा हात थांबला. ती देवता पूर्वीची नातेवाईक आहे, म्हणजे मेल्यानंतर कुठेतरी जन्मली आहे. आणि बाहियाच्या दहनानंतर भिक्षू बुद्धांना विचारतात, त्याची गती काय झाली, तो पुढे कुठे गेला? बुद्ध या प्रश्नाला निरर्थक म्हणत नाहीत. ते सांगतात, तो परिनिर्वाण पावला. सुनापरांताला, म्हणजे बहुतेक अभ्यासक मानतात त्याप्रमाणे आपल्याच या किनाऱ्याला, धम्म घेऊन आलेल्या पुण्णाच्या सुत्तातही शेवटी भिक्षू हाच प्रश्न विचारतात आणि बुद्ध हेच उत्तर देतात.

इतरत्रही तेच दिसले. बोधीच्या रात्री पहिल्या प्रहरात बुद्धांना आपले पूर्वीचे जन्म आठवले, असे जुनी सुत्ते सांगतात. काही जण म्हणतात की, बुद्धांनी या विषयावर मौन पाळले. मौन पाळले हे खरे, पण ते जग शाश्वत की अशाश्वत, तथागत मरणानंतर असतो की नसतो, अशा ठरावीक दहा प्रश्नांवर. तेव्हा पुनर्जन्म कोणी मागाहून घुसडला, असे मला प्रामाणिकपणे लिहिता येईना. बाबांना हे कसे सांगावे, या विचाराने दोन दिवस मी जेवताना गप्पच होते.

मग भेटला साती. हा भिक्षू केवट्टपुत्त, म्हणजे कोळ्याचा मुलगा. अर्नाळ्याच्या किंवा पाचूबंदरच्या पोराने शोभावे तसे त्याने रोखठोक मत मांडले की, हेच विज्ञान, हीच जाणीव एका जन्मातून दुसऱ्या जन्मात फिरत जाते. बुद्धांनी त्याला चांगलेच फटकारले. जाणीव कारणांवाचून उद्भवत नाही. लाकडाने पेटलेला तो लाकडाचा अग्नी, गवताने पेटलेला तो गवताचा. पुढे नागसेनाने राजा मिलिंदाला दिव्याचा दृष्टांत दिला. रात्रभर जळणारी ज्योत पहिल्या प्रहरी आणि शेवटच्या प्रहरी तीच म्हणता येत नाही, आणि वेगळीही म्हणता येत नाही. म्हणजे पुढे चालणारे काही आहे, पण कपडे बदलून येणारा 'मी' नाही. मग 'मागच्या जन्मी याने पाप केले' या वाक्यातला 'याने' कोण?

हा प्रश्न मनात घेऊन मी बाहियाच्या गाईकडे परत आले. पाचव्या शतकाच्या सुमारास श्रीलंकेत तयार झालेल्या धम्मपदाच्या अट्ठकथेत तीच गाय आहे, पण आता ती साधी गाय राहिलेली नाही. ती यक्षिणी आहे. पूर्वी एका जन्मी बाहिय आणि त्याचे तीन सोबती हे व्यापाऱ्यांचे मुलगे होते. त्यांनी एका गणिकेला लुबाडून ठार मारले. मरताना तिने सूड घेण्याची प्रतिज्ञा केली आणि गाईच्या रूपाने तो घेतला. वाचताना माझ्या अंगावर काटा आला. उदानातल्या भिक्षूंनी 'पुढे काय?' एवढेच विचारले होते. 'त्याने मागे काय केले होते म्हणून असा मेला?' हे त्या जुन्या पानावर कोणीच विचारलेले नाही. आमच्या बाहियाला खुनी ठरवले ते शेकडो वर्षांनंतरच्या भाष्याने.

आणि एका सुत्तात तर हा प्रश्न सरळच विचारला आहे. मोलियसीवक नावाचा परिव्राजक बुद्धांना म्हणतो, काही श्रमण-ब्राह्मण सांगतात की माणूस जे सुखदुःख भोगतो ते सारे पूर्वकर्मामुळेच. बुद्ध म्हणतात, हे मत बरोबर नाही. पित्तामुळे दुखणे येते, कफामुळे येते, वातामुळे येते, तिन्ही मिळून येते. ऋतुबदलाने, निगेतल्या चुकीने, बाहेरच्या आघाताने येते, आणि कर्माच्या फळानेही येते. अशी आठ कारणे. कर्म त्या यादीत आहे, पण आठांपैकी एक आणि सर्वांत शेवटी.

आता मला बाबासाहेब अधिक समजले. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या प्रास्ताविकातच त्यांनी हा पेच मांडला आहे की, आत्मा नाही, तर पुनर्जन्म कोणाचा? पुढे ते म्हणतात की, शरीराची चार महाभूते नष्ट होत नाहीत, ती पुन्हा एकत्र येतात. या अर्थाने पुनर्जन्म आहे, आत्म्याचा मात्र नाही. आणि मागच्या जन्मीच्या कर्माने आजची दशा ठरते, या मताबद्दल त्यांनी विचारले आहे की, त्याचा उपयोग कोणाला? गरिबांच्या आणि पददलितांच्या स्थितीची जबाबदारी झटकू पाहणाऱ्या समाजाला! महाकारुणिक बुद्ध असे शिकवतील, हे त्यांना शक्यच वाटले नाही. सीवकाच्या सुत्तापाशी मलाही वाटले नाही. बाबासाहेबांचे स्पष्टीकरण जुन्या सुत्तांतल्या प्रत्येक ओळीशी जुळते असे मी म्हणणार नाही. पण ज्यावर त्यांनी घाव घातला, ते बुद्धांनीही नाकारलेलेच होते. बावीस प्रतिज्ञांतली एक प्रतिज्ञा नव्या जन्माची आहे. तो जन्म माणसाने जिवंतपणी घ्यायचा आहे.

एका रात्री बाबा झोपल्यावर मी हे सारे आईला सांगितले. तिने मध्ये एकदाही टोकले नाही. आठ कारणांपाशी मात्र ती म्हणाली, "पुन्हा वाच." मी पित्त, कफ, वात वाचले. "ताप त्यातच आला ना?" "आला." मी ऋतुबदल वाचला आणि पुढचे एक कारण गाळून आघातावर गेले.

"आठ म्हणालीस. हे सातच झाले."

मग मला ते वाचावे लागले. निगेतली चूक.

आई बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "त्या रात्री अंग नुसतं पेटलं होतं त्याचं. बाबा रात्रपाळीला. उतरेल ताप, म्हणून मी सकाळपर्यंत थांबले. नंतर मनात यायचं, त्याचं नसेल, माझंच काहीतरी असेल मागच्या जन्मीचं. काकू म्हणाल्या त्याचं म्हणून नाही गं लागलं. मला तेच वाटत होतं, म्हणून लागलं."

डॉक्टरांनी तेव्हाच सांगितले होते की, लवकर आणले असते तरी ऐकणे राहिलेच असते असे नाही. मी तिला त्याची आठवण दिली.

"असेल," ती म्हणाली. "पण थांबले ते मीच. आणि ते ह्या जन्मातलं आहे. ह्या जन्मातलं असलं की निस्तरता येतं."

काही दिवसांनी टँकरच्या वेळी काकू पुन्हा भावाला हाक मारत होत्या. आई दोन पायऱ्या खाली आली. "काकू, दीड वर्षाचा असताना मेंदूत ताप गेला त्याच्या," ती म्हणाली. "मला न्यायला उशीर झाला. त्याला हाक नका मारू, खांद्यावर हात ठेवा." काकूंनी हात ठेवला. भावाने वळून पाहिले आणि त्यांच्या हातातली कळशी घेतली.