दोघांची परिभाषा

बीच व्हॉलीबॉलची परिभाषा नवशिक्याला प्रथम भेटते ती शब्दसूचीच्या रूपात. सर्व्हिस, पास, सेट, ब्लॉक, डिग हे त्यातील बहुतेक शब्द मूळ खेळातून आलेले आहेत. तो खेळ विल्यम मॉर्गन याने १८९५ साली मॅसॅच्युसेट्समधील होलिओक येथे सुरू केला. १९२० नंतरच्या दशकात तो कॅलिफोर्नियातील सँटा मोनिकाच्या किनाऱ्यावर रुजला आणि कालांतराने सहा जणांच्या संघाचे दोघेच उरले. आठ मीटर लांब व आठ मीटर रुंद वाळू दोघांनी राखावयाची, म्हटल्यावर शब्दांवर निराळाच भार पडला.

'लाइन' हा शब्द पाहावा. साथीदार सर्व्हिस करण्यापूर्वी जाळीजवळचा खेळाडू हात पाठीमागे नेऊन बोटांनी खूण करतो. एक बोट म्हणजे 'लाइन': सरळ वाट मी अडवतो, उरलेली तू सांभाळ. दोन बोटे म्हणजे 'अँगल', अर्थात तिरपी वाट. मूठ म्हणजे ब्लॉक नाही, मी मागे सरतो. पुढे चेंडू यांच्याकडे येतो. एक जण सेट देतो, दुसरा उडी घेतो. उडी घेणाऱ्याची दृष्टी चेंडूवर खिळलेली असल्याने पलीकडे पाहण्याचे काम सेट देणाऱ्याचे. तो ओरडतो, 'लाइन!' आता अर्थ नेमका उलटा: सरळ वाट मोकळी आहे, तेथे मार. समोर ब्लॉकला कोणीच नसेल तर 'नोबडी!' क्षणापूर्वी 'बंद' म्हणणारा शब्द आता 'खुला' म्हणतो. कोशकार येथे अर्थांना १ आणि २ असे क्रमांक देऊन मोकळा होईल. खेळाडूला तो अर्थ कोण, कोणाला आणि केव्हा बोलतो आहे यावरूनच उमगावा लागतो, आणि उशिरा उमगला तर गुण गेलेला असतो.

काही शब्द नियमांच्या पोटी जन्मले. उघड्या बोटांनी चेंडू हलकेच पलीकडे टाकण्यास या खेळात मनाई. म्हणून तो बोटांच्या पेरांनी ढकलतात ती 'पोकी', आणि ताठ जुळवलेल्या बोटांच्या टोकांनी ढकलतात तो 'कोब्रा'. मराठी वाचक येथे फणा शोधील, तो नाही. मूळ पोर्तुगीजमध्ये या शब्दाचा अर्थ नुसता साप. भारतातील नागाला पोर्तुगीजांनी 'टोपीवाला साप' म्हटले, आणि इंग्रजीने टोपी गाळून साप तेवढा ठेवला. पोर्तुगीज बोलणाऱ्या ब्राझीलची कल्पनाशक्ती मात्र आकाशाकडे वळली. अमेरिकन ज्या अत्युच्च सर्व्हिसला 'स्काय बॉल' म्हणतात, तिला तेथे 'ताऱ्यांचा प्रवास' अशा अर्थाचे नाव आहे. बर्नार्द राझमान याने १९८०च्या दशकात गाजवलेल्या या सर्व्हिसचे नाव म्हणजे 'स्टार ट्रेक' या दूरचित्रवाणी मालिकेचे तेथील शीर्षक होय.

सर्वांत मार्मिक शब्द 'हजबंड अँड वाइफ'. सर्व्हिस दोघांच्या बरोबर मधोमध येते. तो घेईल असे हिला वाटते, ती घेईल असे त्याला. चेंडू वाळूत पडतो. थट्टा शिळी आहे खरी, पण निरीक्षण चुकीचे नाही. अनुवादकाने 'दांपत्य' लिहिले तर मंगलाष्टके ऐकू येतील. 'नवराबायको' म्हटले तर भांडण ऐकू येईल, आणि येथे तर कोणी बोललेलेच नाही. म्हणून सूचीतील इतर शब्द मागे ठेवून नवशिक्याकडून आधी 'माइन!' एवढेच घोकून घेणे बरे. तेही चेंडू जाळी ओलांडण्यापूर्वी आणि साथीदाराला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.