नळाच्या पाण्याचं घर



पाणी गाळून झालं की सासूबाई दरवेळी अडतात: गाळण्यावरची जिवाणी सोडायची कुठे? गावी वाड्यात आड होता, जिथलं पाणी तिथेच जिवाणी परत जायची. सावेडीच्या फ्लॅटमध्ये नळ. "या पाण्याचं घर कुठलं गं?" त्या विचारायच्या. मी "गच्चीवरची टाकी" म्हणून मोकळी व्हायचे.

यंदा चातुर्मास संपल्यावर मुलांबरोबर कळसूबाईला गेले. १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर, आणि ते आपल्याच जिल्ह्यात, अकोले तालुक्यात. बारी गावातून अंधारातच निघालो. नवकारशी वाटेत पारली, खाकरे आणि घरून नेलेलं उकळलेलं पाणी. लोखंडी शिड्यांवर मी खाली पाहिलंच नाही. माथा अगदी एवढासा, वर देवीचं छोटं देऊळ.

पण तिथून दिसतं काय! पश्चिमेला अलंग, मदन, कुलंग. दक्षिणेला भंडारदऱ्याचं पाणी, त्याच्या पलीकडे रतनगड, जिथून प्रवरा निघते. सोबत बारीचे एक दादा होते. ते म्हणाले, या डोंगराच्या उत्तरेला पडलेला पाऊस दारणेतून गोदावरीला जातो, दक्षिणेचा प्रवरेला.

"आणि आमच्या नगरचं पाणी?"

त्यांनी दूर दक्षिणेला बोट केलं. धुरकट, लांबलचक हरिश्चंद्रगड. मुळा त्या बाजूला उगम पावते. तीच राहुरीजवळ धरणात अडते आणि तिथून आपल्या नळाला येते. कळसूबाईपासून हरिश्चंद्रगडापर्यंतचं हे रान १९८६ पासून अभयारण्य आहे. कोकणातून आलेले ढग या डोंगरांवरच रिकामे होतात, म्हणून नगरला पाऊस असा रुसलेला. आपण त्यांचंच पाणी पितो आणि मला ते इतक्या वर्षांत माहीत नव्हतं!

घरी येऊन सासूबाईंना सगळं सांगितलं. त्या बराच वेळ गप्प होत्या.

"म्हणजे जिवाणी मुळेत सोडायला हवी."

"राहुरीला जाताना बाटलीत भरून नेऊ या?"

"तोवर ते जीव राहतील का, वेडे?"

उत्तर माझ्याकडे नव्हतं, त्यांच्याकडेही नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं, तर त्यांनी हंडा अर्धाच भरला होता.