खेपा मोजता, मग ब्रेक कोण बघणार?

मागच्या उन्हाळ्यात आमच्या वस्तीवर सरकारी टँकर यायचा. विहिरीजवळ गाडी थांबली की क्लिनर पोरगं आधी खाली उडी मारायचं आणि मागच्या चाकाला दगड लावायचं. एक दिवस विचारलं, "रोज दगड कशाला रे?" म्हणाला, "भाऊ, हँडब्रेक धरत नाही." आणि त्याच चाकामागं आमच्या आयाबहिणी हंडे घेऊन उभ्या!

ड्रायव्हरमामांना विचारलं तर म्हणाले, "पहाटे चारला गाडी काढतो, रात्री नऊ वाजतात. खेपा कमी पडल्या की मालकाचं बिल कापतात."

मोटार परिवहन कामगार कायदा १९६१ चा होता. दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८ तास काम, असं त्यात लिहिलं होतं. फिटनेस म्हणाल, तर ८ वर्षांपर्यंतच्या गाडीला दर २ वर्षांनी आणि त्यापुढं दरवर्षी. पण ते त्या एका दिवसाचं. कच्च्या रस्त्यावर भरलेला टँकर रोज पळतो, त्याचे ब्रेक पुढच्या तपासणीची वाट बघत नाहीत.

हे फक्त टँकरचं नाही. ९ डिसेंबर २०२४ ला कुर्ल्यात बेस्टसाठी भाड्यानं घेतलेली बस गर्दीत घुसली, माणसं गेली. चालकाला त्या गाडीचं पुरेसं प्रशिक्षण होतं का, हा प्रश्न अपघातानंतर विचारला गेला. तो निविदेतच विचारायला नको का?

निविदेत अनामत विचारतात, उलाढाल विचारतात, शेवटी कमी दरवाल्याला काम. टँकरला जीपीएस आहे, पण त्यावर खेपा मोजतात. अहो, त्याच जीपीएसवर ड्रायव्हर किती तास गाडीवर होता तेही दिसतं की! ठेकेदाराचे मागचे अपघात, ड्रायव्हरचे तास आणि दर महिन्याला ब्रेकची तपासणी, एवढं बघूनच काम द्या आणि बिल काढा. यात नवीन कायदा करायची गरज नाही.

मी फोटो जोडून तालुक्याला अर्ज दिला. आठवड्यात दुसरा टँकर आला. बरं वाटलं. नंतर कळलं, पहिला टँकर पलीकडच्या गावाला लावलाय.

म्हणून सांगतो, तुमच्या गावात टँकर किंवा घंटागाडी आली तर एकदा चाकाकडं बघा. दगड दिसला तर फोटो काढा, अर्ज द्या. आणि अर्जात "गाडी बदला" लिहू नका, "गाडी दुरुस्त होईपर्यंत बंद ठेवा" असं लिहा. माझं तेवढंच चुकलं.