बरे वाटल्यानंतरची गोळी

मनाचे दुखणे माजघराबाहेर जाऊ द्यायचे नाही, ही आम्हा जुन्या घराण्यांची रीत. सुपे गाव धरणाच्या पाण्याखाली गेले, तालुक्याचे ठाणे जोयड्याला आले. ही रीत तेवढी बुडाली नाही. २००४ साली ‘देवराई’ चित्रपटाने स्किझोफ्रेनिया हा शब्द मराठी घरांत आणला, तरी आमच्याकडे तो हलक्या आवाजातच उच्चारला जातो. आज ही रीत मोडून लिहीत आहोत, कारण घरात एका प्रश्नावरून दोन पक्ष पडले आहेत.

आमचा पुतण्या या दुखण्याच्या पहिल्या झटक्यानंतर धारवाडहून उपचार घेऊन परतला, त्याला आठ महिने झाले. आता तो नीट जेवतो, कुळागराला पाणी सोडतो, थट्टाही करतो. कानात येणारे आवाज थांबले आहेत. थोरले काका म्हणतात, “पोर बरे झाले, मग गोळ्या कशाला?” वहिनींचे म्हणणे, गोळ्या आहेत म्हणूनच पोर बरे आहे.

काकांचे बोलणे उडवून लावण्यासारखे नाही. ताप उतरला की काढा थांबतो, हा पिढ्यांचा अनुभव. शिवाय औषधाने मुलाचे हात जड होतात, सकाळी डोळे उघडत नाहीत, वजनही वाढले. हे सोसावे लागते ते त्यालाच. पण हे दुखणे तापाच्या जातीचे नव्हे. गोळी थांबवली तर दुसऱ्या दिवशी बहुधा काहीच होत नाही. आठवडे, कधी महिने सुखात जातात, आणि गोळीची गरजच नव्हती असा निवाडा घरात होऊन बसतो. मग झोप उडते, संशय शिरतो. तोवर गोळी सोडल्याचा दिवस कोणाच्या लक्षातही नसतो.

अमेरिकेत १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पहिल्या झटक्याच्या १०४ रुग्णांचा पाठपुरावा केला होता. औषध सोडणाऱ्यांना दुखणे उलटण्याचा धोका जवळजवळ पाचपट आढळला. २०१२ मध्ये ‘लॅन्सेट’ने ६५ चाचण्यांची एकत्र मोजणी छापली: सुमारे वर्षभरात पुन्हा इस्पितळात दाखल झाले ते औषध चालू असलेल्यांपैकी शेकडा १०, बंद केलेल्यांपैकी २६. काका लगेच म्हणाले, “म्हणजे चौऱ्याहत्तर जण घरीच राहिले!” हिशेब बरोबर, पण घरी राहणे म्हणजे बरे असणे नव्हे. औषध बंद केलेल्यांपैकी शेकडा ६४ जणांचे दुखणे उलटले होते.

फिनलंडमधील २०११ च्या अभ्यासाने आम्हांस अधिक विचारात पाडले. तिथेही पहिल्यांदा इस्पितळातून सुटलेल्यांपैकी निम्म्याहून कमी लोकांनी औषध महिनाभर तरी चालू ठेवले. दीर्घकाळ पुरणारे इंजेक्शन घेणाऱ्यांना मात्र, तेच औषध गोळीने घेणाऱ्यांच्या मानाने, पुन्हा दाखल होण्याचा धोका सुमारे एकतृतीयांश होता. हे ऐकून मुलगाच म्हणाला, “रोज रात्री भांडण ऐकण्यापेक्षा महिन्यातून एकदा टोचून घेईन.” आठ महिन्यांत त्याला कोणी विचारलेच नव्हते.

मात्रा कमी करता येईल का, इंजेक्शन मानवेल का, हे पुढच्या खेपेस डॉक्टरांना विचारायचे ठरले आहे. तोवर रात्रीची गोळी चालू. ती काकांनीच स्वतःच्या हाताने काढून द्यावी, अशी अट वहिनींनी घातली आहे.