मनोरे त्याचे, ग्लास माझे

माझा नवरा बिअर पीत नाही, मी पिते. आमच्या घरात ही बातमी शिळी होऊन जमाना झाला. सासूबाईसुद्धा आता त्यावर काही बोलत नाहीत. युरोपातल्या वेटरांना मात्र ती रोज नव्याने सांगावी लागायची. ट्रे घेऊन आलेला माणूस क्षणाचाही विचार न करता फेसाळलेला ग्लास त्याच्यापुढे ठेवायचा आणि लेमोनेड माझ्यापुढे. तो गेला की आम्ही मुकाट्याने अदलाबदल करायचो आणि शेजारच्या टेबलावरच्या आजीबाई गालातल्या गालात हसायच्या.

निघण्याआधीच आमची वाटणी ठरली होती. चढायचे मनोरे तो निवडणार, उतरल्यावर कुठे टेकायचं ते मी. तो पालिकेच्या पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेला इंजिनिअर. पाण्याच्या टाक्यांच्या शिड्या चढण्यात सगळी नोकरी गेली, त्यामुळे उंच काही दिसलं की त्याचे पाय शिवशिवतात.

कलोनच्या कॅथेड्रलच्या मनोऱ्याला ५३३ पायऱ्या आहेत. अरुंद गोल जिना एकच, त्यातूनच चढायचं आणि त्यातूनच उतरायचं. समोरून कुणी आलं की दोघांनीही पोटं आत घेऊन भिंतीला चिकटायचं. या इमारतीचं काम १२४८ साली सुरू झालं आणि १८८० साली पुरं झालं. मधली काही शतकं ते ठप्पच होतं आणि अर्धवट मनोऱ्यावर मध्ययुगीन क्रेन तशीच उभी होती. हे वाचून नवऱ्याचा चेहरा खुलला. "आणि आमच्या खात्याला लोक उगाच नावं ठेवायचे," तो म्हणाला.

खाली उतरल्यावर माझी पाळी. कलोनच्या बिअरचं नाव क्योल्श. ती मिळते जेमतेम २०० मिलिलिटरच्या उभ्या, सडपातळ ग्लासात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, चव बघायला दिलीय. पण ग्लास रिकामा होतो न होतो तोच निळ्या ॲप्रनमधला वेटर, म्हणजे त्यांचा 'क्योबेस', न विचारता दुसरा ठेवतो आणि खालच्या पुठ्ठ्याच्या चकतीवर पेन्सिलीने रेघ ओढतो. मग तिसरा. आपल्या पंगतीत जिलबीचा आग्रह चालतो ना, अगदी तसं. तिथे पानावर आडवा हात धरतात, इथे ती चकती ग्लासावर ठेवायची, तेव्हा कुठे माणूस थांबतो. क्योबेस मंडळी फटकळपणासाठी प्रसिद्ध आहेत आणि गिऱ्हाइकांना ते आवडतं म्हणे. नवऱ्याने साधं पाणी मागितलं, तर आमच्याने विचारलं, "सोबत साबण आणि टॉवेल आणू का?" नवऱ्याला हा विनोद आवडला नाही. मला फारच आवडला.

म्युनिकमध्ये मात्र तो रमला, आणि त्याचं श्रेय चकलीला. तिथल्या बिअर गार्डनमध्ये आपला डबा नेता येतो, हे मी आधीच वाचून ठेवलं होतं. त्याला विश्वास बसेना. हॉटेलच्या बाकड्यावर बसून घरचं खायचं, आणि कुणी हाकलणार नाही? पण यामागे जुनं भांडण आहे. बिअर उन्हाळाभर थंड राहावी म्हणून बनवणारे ती तळघरांत साठवत आणि सावलीसाठी वर चेस्टनटची झाडं लावत. लोक तिथेच बसून प्यायला लागले, तशी शहरातल्या खाणावळवाल्यांची ओरड सुरू झाली. १८१२ साली बवेरियाच्या राजाने, पहिल्या मॅक्सिमिलियनने, तोडगा काढला. तळघरवाल्यांनी बिअर विकावी, पावही विकावा, पण बाकी जेवण विकायचं नाही. मग लोक घरूनच शिदोरी आणू लागले. आता तळघरवालेही जेवण विकतात, पण शिदोरीचा हक्क कायम राहिला. फक्त टेबलक्लॉथ घातलेली टेबलं सोडून बसायचं.

आम्ही इंग्लिश गार्डनमधल्या चिनी मनोऱ्याखाली बसलो. हा मनोरा लाकडी, मजल्यांवर मजले रचलेला, आणि मधे बँड वाजत असतो. माझ्यापुढे लिटरभर बिअरचा काचेचा मग होता. तो एका हाताने उचलायला मनगटात दम लागतो, मी दोन्ही हात लावले. नवऱ्याने श्पेत्सी घेतली, म्हणजे कोला आणि संत्र्याच्या पेयाचं मिश्रण. ऐकायला भयंकर, पण त्याला आवडलं. मी चिवडा आणि भाजणीच्या चकल्या काढल्या. त्याच बाकावर चामडी अर्धी चड्डी घातलेले एक आजोबा बसले होते. त्यांनी डब्यातून पांढराशुभ्र मुळा काढला, चाकूने त्याची अखंड मळसूत्री चकती कापली, वर मीठ भुरभुरलं आणि पाणी सुटायची वाट बघत बसले. त्यांची नजर चकलीवर गेली, आमची मुळ्यावर. दोन्ही गोल गोल! भाषा कुणाचीच कुणाला येत नव्हती, पण देवाणघेवाण झाली. बिअरबरोबर खारट मुळा काय लागतो म्हणून सांगू! आजोबांनी चार चकल्या संपवल्या आणि पाचवी रुमालात बांधून घेतली.

बांबर्गची धुरकट बिअर मी एकदाच चाखली. माल्ट बीचच्या लाकडाच्या धुरावर वाळवतात. ज्यांना आवडते त्यांना लखलाभ.

चेक प्रजासत्ताकातल्या प्लझेनला आम्ही पोचलो तेव्हा पाऊस होता. तरी नवरा आधी १०२ मीटरच्या चर्चच्या मनोऱ्यावर जाऊन आलाच. मी खाली छत्री धरून उभी. हे गाव एके काळी बिअरने वैतागलं होतं. १८३८ साली लोकांनी खराब निघालेली ३६ पिंपं टाउन हॉलसमोर ओतून दिली. मग गावाने मिळून स्वतःची ब्रुअरी काढली आणि बवेरियातून योझेफ ग्रोल नावाचा माणूस आणला. त्याने १८४२ साली फिकट माल्ट, साट्सचे हॉप्स आणि तिथलं मऊ पाणी यांच्यातून सोनेरी, पारदर्शक बिअर काढली. आज जगभर 'पिल्सनर' म्हणून जे काही विकतात, त्याचं मूळ ते. करार संपल्यावर ग्रोल आपल्या गावी परतला, आणि म्हातारपणी मरण आलं तेही गावच्या बिअरच्या अड्ड्यात, नेहमीच्या टेबलावर. ब्रुअरीखालचे भुयारी मार्ग नऊएक किलोमीटर लांब आहेत. तिथल्या गारठ्यात ओकच्या पिंपातून न गाळलेली बिअर प्रत्येकाला एकेक ग्लास देतात. 'प्रत्येकाला' म्हणजे नवऱ्यालाही. माझे दात वाजत होते, पण दोन्ही ग्लास मी संपवले.

ब्रसेल्समध्ये तो सू करणारा जगप्रसिद्ध पोरगा पाहिला. बोटभर पुतळा आणि गावभर गर्दी. पुढे ब्रुजला आलो. घंटाघराच्या ३६६ पायऱ्या झाल्या आणि मी 'हाल्वे मान' या ब्रुअरीकडे मोर्चा वळवला. नवरा नेहमीप्रमाणे कंटाळलेला. तेवढ्यात गाइड म्हणाली, इथून बाटल्या भरण्याच्या कारखान्यापर्यंत शहराखालून बिअरची पाइपलाइन आहे.

"काय आहे?" नवरा ताठ झाला.

तीन किलोमीटरहून जास्त लांबीची पाइपलाइन २०१६ पासून सुरू आहे. जुन्या दगडी गल्ल्यांतून टँकर न्यावे लागू नयेत म्हणून ती टाकली. खर्चाचा काही भाग लोकवर्गणीतून आला, आणि वर्गणी देणाऱ्यांना आयुष्यभर फुकट बिअर. मला यातला शेवटचा मुद्दा महत्त्वाचा वाटला. नवऱ्याने गाइडला व्यास विचारला, वळणं कशी घेतली विचारलं, आणि घसा खाकरून तो खास प्रश्न विचारला, "गळती किती?" गाइडने बरीच वर्षं टूर दिल्या असाव्यात, पण हे तिला पहिल्यांदाच कुणी विचारलं होतं.

रस्त्यात एके ठिकाणी पारदर्शक झाकण आहे, त्यातून पाइप दिसतात. मी आत निवांत बिअर पीत होते, आणि खिडकीतून नवरा भर रस्त्यात गुडघे टेकून फोटो काढताना दिसत होता. पर्यटक त्याला वळसा घालून जात होते. आत आला तो फोन पुढे करत. निवृत्त सहकाऱ्यांच्या ग्रुपवर त्याने फोटो टाकला होता आणि पहिलं उत्तर आलंही होतं.

"प्रेशर किती आहे?"