शून्य कोठले धरावे?

बडनेरा जंक्शनाजवळच्या रेल्वे वसाहतीत आमचे बालपण गेले. वडील रेल्वेत साधे नोकर. मुलाने विज्ञान शिकावे, ही त्यांची एकच हौस. बारावीच्या वर्षी चाचणीत रसायनशास्त्रात आम्ही नापास झालो आणि तो पेपर दप्तराच्या तळाशी लपवला. विज्ञान सोडावे, असे मनाशी ठरलेही होते.

ज्या गणिताने आम्हांला बुडवले, ते तसे सोपे होते. बंद भांड्यातील वायूचा दाब २० अंश सेल्सिअसला ३ वातावरण आहे. ४० अंशांना किती? तापमान दुप्पट, म्हणून दाबही दुप्पट, असे समजून आम्ही ६ लिहिले होते. शिकवणीच्या सरांना अखेर ते दाखवले. ते रागावले नाहीत. म्हणाले, "अरे, असे असते तर मे महिन्यात बडनेऱ्यात एकही सायकल धड राहिली नसती!"

मग त्यांनी समजावले. सेल्सिअसचे शून्य पाणी गोठण्याचे. वायूला त्याचे काय? वायूचे तापमान उणे २७३ अंशांपासून, म्हणजे केल्विनमध्ये मोजावे. २९३ चे ३१३ झाले, तर दाब होतो सुमारे ३.२. बॉइलचा १६६२ चा दाबाचा नियम आणि गे-ल्युसॅकचा १८०२ चा तापमानाचा नियम क्लापेरों यांनी १८३४ मध्ये एकत्र गुंफले. त्यातूनच आजचे समीकरण आले: दाब गुणिले आकारमान म्हणजे मोलसंख्या गुणिले स्थिरांक गुणिले केल्विन तापमान. दाब वातावरणात व आकारमान लिटरमध्ये असेल, तर स्थिरांक ०.०८२१, पास्कल व घनमीटर असतील, तर ८.३१४. असा आदर्श वायू प्रत्यक्षात कोठेही नाही, हेही सरांनी सांगितले. कमी दाबाला आणि जास्त तापमानाला खरे वायू त्याच्या जवळ येतात, एवढेच.

त्या रात्री वडील ड्युटीवर निघाले असता आम्ही तो पेपर त्यांच्यापुढे ठेवला आणि चूक समजावून सांगितली. गुणांविषयी ते अवाक्षर बोलले नाहीत. सायकलचे चाक अंगठ्याने दाबून म्हणाले, "मंग उनाळ्यात हवा जराशी कमीच भरत जाऊ बाप्पा!" आमच्या डोळ्यांत पाणी आले. विज्ञान सोडण्याचा विचार तेथेच संपला.

आज शेजारची मुले हीच गणिते घेऊन आमच्याकडे येतात आणि बहुधा हीच चूक करतात. आम्ही रागावत नाही. एवढेच विचारतो, "शून्य कोठले धरलेस, बाळा?"