चालायचा दिवस

जानेवारीत मुंबईला जाऊन मॅरेथॉन पळायची, असं मी गेल्या पावसाळ्यात घरात जाहीर केलं. अम्मी म्हणाली, "बेटा, शाळेत तर रिक्षाने जातोस." बोलणं खरं होतं. वय ४६, रक्तातली साखर काठावर आलेली, आणि बीएड झाल्यापासूनचा सगळा व्यायाम फळ्यावर हात वर करण्यापुरता. तरीही सुरुवात केली. फज्रची नमाज झाली की बूट घालायचे आणि भिंगारकडच्या छावणीतल्या सावलीच्या रस्त्यांवर पळायचं. आधी दोन किलोमीटर, मग पाच, मग दहा. आता रविवारी २२ पर्यंत मजल गेली आहे. शर्यत ४२.१९५ किलोमीटरची आहे, त्यामुळे फुशारकी मारण्यासारखं अजून काही नाही.

आमच्याबरोबर एक डॉक्टर पळतात. वेळापत्रक त्यांनीच आखून दिलं. त्यात सोमवारच्या रकान्यात एकच शब्द आहे: चालणे. रविवारी लांब पळल्यावर पोटऱ्या ठणकत असतात. चालल्याने पायांत रक्त खेळतं आणि गुडघ्यांना दणके बसत नाहीत, म्हणून सोमवारी पळायचंही नाही आणि लोळत पडायचंही नाही. मला सुरुवातीला हा दिवस कमीपणाचा वाटायचा. रस्त्यात ओळखीचं कुणी भेटलं आणि "काय सर, दमलात का?" म्हणालं, तर काय सांगायचं? म्हणून मी सोमवारी गल्लीबोळांतूनच चालायचो.

मी उर्दू शाळेत मराठी शिकवतो. दोन भाषांच्या मधे उभं राहून पोट भरणाऱ्या माणसाला शब्दांचा नाद लागतोच. उर्दूत फेरफटक्याला चहलकदमी म्हणतात. चहल म्हणजे फारसीत चाळीस. म्हणजे चाळीस पावलं चालणं. मराठीत जेवणानंतर चालतात त्याला शतपावली म्हणतात. मी वर्गात विचारतो, "बताओ, कोण जास्त चालतं?" मुलं हसतात. खरं तर दोन्ही शब्द एकच गोष्ट सांगतात. पोचायला चालायचं नसतं, बरं वाटावं म्हणून चालायचं असतं. हे मुलांना शिकवत आलो, पण माझ्या सोमवारांना कधी लावलं नव्हतं.

दिवाळीच्या सुट्टीतला सोमवार होता. शाळेची घाई नव्हती. वाटलं, आज नवीन वाट धरू. स्कूटर बुरुडगावच्या रस्त्याला लावली आणि सीनेच्या काठाने खालच्या अंगाला निघालो.

वाट म्हणजे कुणी बांधलेली नाही. म्हशींची, वैरणीचा भारा आणणाऱ्या बायकांची, मोटार चालू करायला येणाऱ्या शेतकऱ्यांची. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला घासाचे वाफे, मका, कांद्याची रोपं. सप्टेंबरमध्ये सीनेला मोठा पूर आला होता. खाली सोलापूर जिल्ह्यापर्यंत गावंच्या गावं पाण्यात गेली होती. त्या पुराच्या खुणा इथे अजून होत्या. वेड्या बाभळींच्या फांद्यांत माझ्या डोक्याच्या वर चिंध्या लटकत होत्या, प्लास्टिकच्या पिशव्या, उसाचं पाचट, कुणाच्या तरी घरातली एक लहान मुलाची चप्पल. पळत असतो तर लक्ष घड्याळात असतं. चालत होतो म्हणून चप्पल दिसली.

आणि वास आला. शहराच्या नाल्यांचं पाणी काळं होऊन नदीत मिसळत होतं. बंधाऱ्याशी पांढरा फेस साचला होता. त्यातच एक बगळा एका पायावर उभा होता, जणू त्याला त्याची तक्रार नाही.

या नदीकाठी चालायला मला आणखी एक कारण होतं. सुट्टी लागायच्या आधी आठवीच्या वर्गात पत्रलेखन घेत होतो. वर उजव्या कोपऱ्यात पत्ता आणि तारीख लिहायची, असं सांगितल्यावर एका मुलाने हात वर केला. "सर, अहमदनगर लिहायचं की अहिल्यानगर?" वर्ग एकदम शांत झाला. ऑक्टोबर २०२४ मध्ये नाव अधिकृतपणे बदललं आहे, पेपरमध्ये तेच लिहायचं, हे मी सांगितलं. त्यात चूक काही नव्हती. पण मुलाने मला शुद्धलेखन विचारलं नव्हतं, हे मलाही कळलं आणि त्यालाही. मी पुढच्या मायन्याकडे वळलो. तेव्हापासून तो प्रश्न बुटातल्या खड्यासारखा टोचत होता.

उर्दू वाचणाऱ्याला हे नाव आणखी एका जागी भेटतं. मौलाना आझाद १९४२ ते १९४५ आमच्या किल्ल्यात कैदेत होते. तिथे त्यांनी मित्राला पत्रं लिहिली, जी तेव्हा टपालात पडलीच नाहीत. पुढे त्यांचं 'गुबार-ए-खातिर' हे पुस्तक झालं. त्या पत्रांवरही तारखेबरोबर किला-ए-अहमदनगर असा पत्ता आहे. म्हणजे माझ्या विद्यार्थ्याचा उजवा कोपराच.

तर असा विचार करत चाललो होतो, तेवढ्यात बांधावरून हाक आली.

"ओ पाव्हणं! कुणीकडं?"

साठीच्या पुढचा माणूस, हातात खोरं. खरं सांगतो, माझे पाय आपोआप सावध झाले. दाढी आहे, अनोळखी रान आहे, एकटा आहे. हल्ली अशा वेळी मनात आधी उत्तरांची जुळवाजुळव सुरू होते.

"काही नाही काका, चालायला आलोय."

"चालायला? इथं?" त्यांनी मला बुटापासून वर पाहिलं. "कुठले म्हणायचे?"

"नगरचा."

"नगरात कुठं?"

"मुकुंदनगर." हे सांगितल्यावर समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघायची मला सवय लागली आहे. बघितलं. चेहऱ्यावर काही बदललं नाही.

"बरं. मोटारी बघत नाही ना फिरत? परवा रातीच्याला केबल कापून नेली आमची. पुरातनं मोटार वाचवली आन् केबल चोरांनी नेली. म्हणून इचारलं, राग मानू नका."

मी माझ्या दाढीचा विचार करत होतो, ते त्यांच्या केबलचा. मला हसू आलं आणि थोडी लाजही वाटली. दर वेळी असंच निघतं, असं मी म्हणणार नाही. कधीकधी प्रश्न दाढीचाच असतो, हे वाचकांपैकी बऱ्याच जणांना माहीत आहे. पण त्या सकाळी नव्हता, आणि मी मात्र भेटायच्या आधीच निकाल लावून बसलो होतो.

शिक्षक आहे म्हटल्यावर ते गुरुजी म्हणू लागले. बांधावर बसलो. लहानपणी या नदीत पोहायचो, वाळूत झिरा उकरून पाणी प्यायचो, असं ते सांगत होते. आता पाय घातला तर खाज सुटते. मी विचारलं, हे पाणी पुढे कुठे जातं? शाळेत भीमा नदीची उपनदी वगैरे शिकवतो, पण त्यांनी सांगितलं ते वेगळं होतं. "लेक दिलीय जामखेडकडं. हेच पाणी निमगाव गांगर्ड्याच्या धरणात, आन् तिथनं खाली चौंडीला. तुमचं आमचं सगळं तिकडंच जातंय."

परतीच्या वाटेवर हे चौंडी डोक्यातून जाईना. मी नकाशावर ते कितीदा पाहिलं असेल, पण नदीच्या काठाने कधी जोडून पाहिलं नव्हतं.

इथून वरच्या अंगाला, शहराला लागून, याच सीनेच्या काठावर बागरोजा आहे. तिथे काळ्या दगडाच्या घुमटाखाली अहमद निजामशहा झोपला आहे. ज्याने हे शहर वसवलं, तो. आणि खाली, याच सीनेच्या काठावर चौंडी आहे, जिथे १७२५ मध्ये माणकोजी शिंदे पाटलांच्या घरी अहिल्याबाई जन्मल्या. शहराचा स्थापना दिवस २८ मे, अहिल्याबाईंची जयंती ३१ मे. आपण ज्या दोन नावांना एकमेकांसमोर उभं करतो, ती दोन्ही एकाच नदीची.

नुसतं तेवढंच नाही. निजामशाहीत कापूरवाडी, शेंडी, नेप्ती अशा भोवतालच्या गावांकडून खापरी नळांनी शहरात पाणी आणलं होतं. जमिनीखालून, चढ-उतार मोजून. आजही कुठे खोदकामात त्या नळांचे तुकडे निघतात. आणि अहिल्याबाईंचं नाव देशभर कशासाठी घेतात? मंदिरांसाठी, आणि तितकंच घाट, विहिरी आणि बारवांसाठी. महेश्वरला नर्मदेवर, काशीला गंगेवर. तहानलेल्याला पाणी मिळावं, आलेल्याला नदीत उतरता यावं, ही त्यांची कामं.

म्हणजे दोन्ही नावं पाण्याची आहेत. आणि त्या नावांवर वर्षानुवर्षं बोलणारे आपण नदीला पाठ करून बसलो आहोत. अहमदच्या कबरीजवळून वाहणारं पाणी आम्ही काळं करतो आणि अहिल्याबाईंच्या जन्मगावाकडे पाठवून देतो. यात माझ्या घरच्या मोरीचंही पाणी आहे. वुजू करताना नळ उगाच वाहू देऊ नये, वाहत्या नदीकाठी असलात तरी, असं आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं. ते पाणी मोरीतून पुढे कुठे जातं, हा प्रश्न मात्र मला ४६ व्या वर्षी, तोही सोमवारच्या चालण्यात पडला.

यामुळे जुन्या नावाचं दुःख संपलं, असं नाही. माझ्या अब्बांच्या टीसीवर, माझ्या पदवीवर, अम्मीच्या निकाहनाम्यावर जे नाव आहे ते मला प्यारं आहे, आणि राहील. पण प्यारं असणं म्हणजे काय करणं, हे मला आता जरा वेगळं दिसतं.

सुट्टीनंतर त्याच वर्गात पत्रलेखन पुन्हा घेतलं. त्या मुलाला म्हणालो, "तुझ्या प्रश्नाचं उत्तर मी मागे टाळलं होतं. परीक्षेत अहिल्यानगर लिही. आझादांचं पुस्तक वाचशील तेव्हा अहमदनगर वाच. एस. टी. स्टँडवर कुणी विचारलं तर लोक आधीही नगर म्हणायचे, आजही नगरच म्हणतात." तो थोडं हसला. पुरता पटला, असं वाटलं नाही. तेरा वर्षांच्या मुलाला एवढ्यात पटायची गरजही नाही.

मग फळ्यावर विषय लिहिला: नदीच्या खालच्या अंगाला राहणाऱ्या मित्राला पत्र लिहा. आपल्या गावातून त्याच्याकडे काय काय वाहत येतं ते सांगा, आणि त्याच्याकडे नदी कशी दिसते ते विचारा. पिनकोड विसरू नका. आमचा ४१४००१.

वह्या अजून तपासायच्या आहेत. मधल्या रविवारी २४ किलोमीटर पळायचे आहेत. पण सोमवार आता मी लपवत नाही. काकांनी सांगितलंय, पुढच्या वेळी याल तेव्हा पलीकडच्या बंधाऱ्यापर्यंतची वाट दाखवतो. जाताना टॉर्च घेऊन जाणार आहे. माझ्यासाठी नव्हे, त्यांना रात्री केबलवर राखण करायला.